नकाशा न दिसणाऱ्यांसाठी

दुपारी तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हाच कार्यालयात बसलेल्या मा यूरिमने ओळखलं, प्यो आजोबा.

"पोरी, अजून पांढरंच. नुसतं पांढरं."

ती काम करत होती त्या जिल्ह्याच्या वनसहकारी संस्थेच्या वेबसाइटवर, छुसोकच्या, म्हणजे पूर्वजांना वंदन करण्याच्या सणाआधी थडग्यांवरचं गवत कापून घेण्याची नोंदणी चालू होती. नकाशावर आपल्या थडग्याच्या जागी बोट टेकवायचं, झालं. आजोबांच्या जुनाट टॅबलेटला तो नकाशा दाखवताच येत नव्हता, आणि वेबसाइट तसं सांगतही नव्हती. मुदत सहापर्यंत. गुडघे गेल्यामुळे आजोबांचं थडग्यापर्यंत टेकडी चढणं बंद. सणाला सोलहून मुलं येणार आणि आईच्या थडग्यावर कमरेएवढं गवत बघणार, या विचाराने म्हातारा हैराण झाला होता.

"मी फोनवरच लिहून घेते," यूरिम तिच्या वरिष्ठांना, तक साहेबांना म्हणाली.

"अजिबात नाही. गेल्या वर्षी आपले लोक फोनवर ऐकून गेले आणि भलत्याच घराण्याचं थडगं भादरून आले. ती मंडळी तीन दिवस इथे ठाण मांडून होती."

"मग सूचना तरी टाकते."

"टाक की. 'ब्राउझर बदला.' विषय संपला."

साहेबांचे विषय असे झटपट संपत. ऐंशीच्या माणसाला ब्राउझर बदला म्हणणं म्हणजे गुडघे बदला म्हणण्यासारखंच.

यूरिमने वेगळं लिहिलं. नकाशा उमटला नाही की पानावर यायचं: 'तुमच्या ब्राउझरमध्ये नकाशा दिसत नाही. चूक तुमची नाही. टेकडीचा सरकारी क्रमांक आणि वाटेच्या खुणा खाली लिहा. यंत्र चालवण्याआधी आमचा माणूस तिथे उभा राहून खात्री करून घेईल.' साहेबांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि नाक मुरडत हो म्हटलं.

साडेपाचला परत फोन. यूरिमने स्पीकर लावला.

"आलं गं पान. दोन थडगी आहेत, शेजारी शेजारी. डावीकडे बायको. तिचं झालं. उजवीकडचं पुढेच जाईना."

"बघ," साहेब पुटपुटले. "ते दुसऱ्या कुणाचं तरी असणार."

"आजोबा, उजवीकडे कोण?"

"मीच. म्हणजे अजून नाही. दोन्ही एकदमच करून घेतली होती. तिचं साफसूफ आणि माझ्यावर रान, पोरांसमोर बरं दिसत नाही. नाव घातलं माझं. आता मृत्यूची तारीख मागतोय तुमचा कॉम्प्युटर. काय टाकू?"

साहेब फोनकडे झुकले.

"काही टाकू नका, आजोबा. दोन मिनिटं थांबा." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "काढ ती तारखेची सक्ती."

तिने काढली. सहाला दहा मिनिटं असताना दोन्ही नोंदी आल्या.

"ती तारीख नंतर भरता येते ना?" आजोबांनी विचारलं.

"येते."

"मग पोरं आली की दाखवून ठेवतो, कुठे भरायची ते," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.