तोरणाखालची गाडी

तोरणाखाली कोणी बोलत नव्हते. पोळ्याच्या झडत्या, ती बैलांपुढची गाणी, म्हणणारे थांबले होते, डफडे थांबले होते. मागे उभ्या बैलांपैकी एखाद्याने मान हलवली की घुंगरू वाजे आणि शांतता अधिकच उघडी पडे. रांगेच्या तोंडाशी, आंब्याच्या पानांखाली, माझ्या वडिलांची गाडी बंद पडली होती.

बेल्याजवळच्या आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घरची जाते. ती गेल्यावाचून दुसरा बैल हलत नाही. एवढ्या एका मानापायी बाबा गावात विठ्ठलराव आहेत. तो गेला की उरतो तहसिलीतला निवृत्त कारकून. तरी गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आईने सांभाळलेली जोडी शेजारच्या बापूजींना विकली आणि पन्नाशी उलटलेली ही गाडी नागपुराहून आणली. मलईचा रंग, स्टिअरिंगला गिअरचा दांडा, आणि स्वतःविषयी अफाट गैरसमज.

मी तिच्यावर एकदाच भाळलो. आदिलाबादच्या रस्त्यावर त्रिकोणी काच उघडली, कपाशीवरचा वारा आत आला, आणि जुना काळ असाच मऊ, कातडी आसनांचा असावा असे वाटले. पुढच्याच पुलावर ती थांबली. घरी आलो ते ट्रॅक्टरमागे, दोराने.

जोडी नसली तरी मान घराचा असतो, असे बाबांनी गावाला पटवले होते. आदल्या संध्याकाळी लोक बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होते, तेव्हा बाबा बॉनेटला पॉलिश चोळत होते. बंपरची टोके त्यांनी शिंगांसारखी हिंगुळाने रंगवली. टपावर झूल घातली. जिच्यावर आईच्या बोटाचा ठसाही चालत नसे, तिच्या गळ्यात, म्हणजे बाहेरच्या आरशांना, घुंगरमाळ अडकवली. आता रांगेच्या संथ चालीने इंजिन तापले होते आणि स्टार्टर नुसता कण्हत होता.

"जातिवंत हाये," बाबा खिडकीतून म्हणाले. "दम घेऊन राह्यली."

"बैलबी दम घेतेत, विठ्ठलराव," बापूजी म्हणाले. "पण तोरण पाहून नाई घेत."

हसू रांगेच्या शेपटापर्यंत गेले. ऊन उतरत होते. बैल खुरांनी माती उकरू लागले. शेवटी बापूजींनीच आपली जोडी पुढे काढली, ती आमचीच जोडी, आणि बंपरला दोर बांधला. बाबा आत ताठ बसून राहिले, स्टिअरिंग धरून, जणू तेच हाकत होते. बैल तोरणाखालून गेले. मागून गाडी गेली. रिवाजाप्रमाणे तोरण तुटले, गाव ओरडले.

बैल सवयीने आमच्या दारापाशी थांबले. आई ताट घेऊन ओट्यावर उभीच होती. तिने त्यांचे पाय धुतले, कुंकू लावले, एकेकाच्या तोंडात पुरणपोळी दिली. एकाने तिचा पदर चाटला. तिने तो ओढून घेतला नाही. बापूजींनी दोर सोडला.

"सुभद्रा," बाबांनी आतूनच हाक मारली, "गाडीलेबी कुंकू लाव. मान आपल्याच घरात राह्यला ना?"

कुंकवाची डबी अजून उघडी होती. आईने आरशांवरच्या घुंगरमाळेकडे एकदा पाहिले. मग तिने ताट सावरले आणि बैलांच्या मागोमाग बापूजींच्या गोठ्याकडे चालू लागली.