शेपटी धरायला माणूस

विमान पुरं झालं आणि इंजिनापाशी येऊन कवळीकाकांचं गाडं अडलं.

कवळीकाका हे नाव त्यांना विमानं उडवण्याच्या मैदानावरच्या मंडळींनी ठेवलेलं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवण्यात घालवला. दातांचा डॉक्टर माप पाठवायचा, काका आपल्या खोलीत दार लावून दात बसवायचे, आणि ते दात ज्याच्या तोंडात जायचे त्याचं तोंड काकांनी कधी पाहिलेलं नसायचं. माणसांशी बोलावंच लागू नये असा धंदा ह्यांनी बरोब्बर हुडकून काढला, असं त्यांची बायको म्हणायची. तिला जाऊन आता वर्ष उलटलं होतं.

विमान रिमोटवर उडणारं, जुन्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची हुबेहूब नक्कल. पंख लावले की जेवणाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर यायचे. टेबल तसंही रिकामंच होतं. काका हल्ली ओट्याशी उभ्याउभ्याच दोन घास पोटात ढकलत.

आता लढाऊ विमानाचा एक स्वभाव असतो. नाक आखूड, शेपूट लांब. नाकात हलकं यंत्र बसवलं तर विमान शेपटीवर बसकण मारतं. मग तोल साधायला नाकात शिसं कोंबा, म्हणजे फुकटचं ओझं आलं. त्यापेक्षा जड इंजिन बरं, तेच शिशाचं काम करतं. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज चिरका. पहिलवानाने किनऱ्या आवाजात दम द्यावा तसं ते वाटतं. फोर-स्ट्रोक मात्र मोठा पंखा सावकाश फिरवतं आणि खर्जात बोलतं. थोडक्यात, ह्या विमानाला फोर-स्ट्रोकच हवं हे काकांना लाकडाचा पहिला तुकडा कापला तेव्हापासून माहीत होतं.

घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मैदानावर पूर्वी कुणाचं तरी बोट फिरत्या पंख्यात गेलं होतं, तेव्हापासून एक नियम झाला होता: शेपटी धरायला माणूस नसेल तर इंजिन सुरू करायचं नाही. एक जण मागे वाकून विमान धरून ठेवणार, दुसरा पुढे पंख्याला गती देणार. बॅटरीवरच्या मोटरीला हे काही लागत नाही. विमान ठेवा, लांब उभे राहा, रिमोट दाबा.

काकांच्या विमानांची शेपटी आजवर बायकोने धरली होती. "लोकांचे नवरे बायकोला हवा खायला नेतात, माझा मला धूर खायला नेतो," असं म्हणत ती दर रविवारी यायची, आणि अंगावर तेलाचे शिंतोडे घेऊन घरी जायची. मैदानावर कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं घरी पटत नाही, हे तिला ठाऊक. काकांना फक्त कुणाचं इंजिन कुठलं ते ठाऊक. ती गेल्यावर ते एकदाच मैदानावर गेले, बाकावर बसले आणि कुणी जवळ यायच्या आत उठून घरी आले.

मॉडेलच्या दुकानात ते इंजिन पाहायला गेले तर दुकानदाराने मोटरीचंच कौतुक लावलं.

"काका, इंधन नको, धूर नको, तेलकट हात नकोत. एकट्या माणसाला बरं असतं."

"आणि आवाजाचं काय?"

"त्याची डबी मिळते की! पोटात स्पीकर बसवायचा. अस्सल इंजिनाचं रेकॉर्डिंग आहे."

"म्हणजे विमान गाणी लावून उडणार."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय, काका. पण शेपटी कोण धरणार?"

दुकानदाराच्या मनात वाईट काही नव्हतं, पण बोलणं वर्मी लागलं. काका काहीच न घेता बाहेर पडले. खरं तर मैदानावर कुणीही शेपटी धरली असती, शब्द टाकायचा अवकाश होता. पण शब्द टाकणं हे खातं बायकोकडे होतं. शेजाऱ्याची शिडी तिनेच मागायची, आणि सुट्टीत घरी ये म्हणून मुलाच्या मागेही तिनेच लागायचं.

मुलगा दूरच्या शहरात होता. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. ठीक ना? ठीक. जेवलात? जेवलो. औषध घेतलं? घेतलं. एवढ्यावर दोघांचीही सुटका व्हायची. त्या रविवारी मात्र काकांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, इंजिनाचं त्रांगडं त्याच्या कानावर घातलं. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि आठवड्याच्या आत घरी खोकं आलं. उत्तम प्रतीची मोटर, बॅटऱ्या, आणि वर ती आवाजाची डबीसुद्धा.

"आता तुम्हाला कुणाची गरज नाही, बाबा," तो फोनवर म्हणाला. पोराने चांगला अभ्यास करून वस्तू निवडली होती, चूक काढायला जागा नव्हती.

काकांनी डबी जोडून पाहिली. बटण दाबताच स्वयंपाकघरात इंजिन धडधडलं. आवाज इतका खरा की ते दचकले. पण टेबल थरथरत नव्हतं, कसला वास नव्हता, आणि शेपटीपाशी रिकामी खुर्ची होती. त्यांनी बटण बंद केलं. घर आधी होतं त्याहून गप्प झालं. काकांना रडू फुटलं, आणि एका स्पीकरपायी आपण रडतोय ह्याचा त्यांना संतापही आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात जाऊन फोर-स्ट्रोक आणलं. नाकात बसवलं आणि पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचललं. ते हवेत सरळ राहिलं.

रविवारी त्यांनी फोनची वाट पाहिली नाही. आपणच लावला.

"काय झालं, बाबा?" मुलगा घाबरलाच.

"काही नाही. ती मोटर मी परत पाठवतोय. फोर-स्ट्रोक आणलं."

"अहो, पण ते एकट्याने सुरू करता येत नाही ना?"

"नाही येत."

"मग?"

"मग तू ये. शेपटी धरायला. जमेल त्या रविवारी."

पलीकडे तो सावकाश बोलला. "बाबा, लहान होतो तेव्हा मी दर रविवारी विचारायचो, मी धरू का. तुम्ही म्हणायचात, लांब उभा राहा. मी आपला कुंपणाशी उभा. पुढे यायचंच बंद केलं. का येत नाहीस, हेही तुम्ही विचारलं नाहीत."

बोलणं असं अडचणीत आलं की काका फोन शेजारी बायकोच्या हातात देत. आत्ताही हात आपसूक उजवीकडे गेला आणि तसाच राहिला. घ्यायला कुणी नव्हतं. त्या लांब धरलेल्या फोनमधून बारीक आवाज येत होता, "बाबा? आहात ना?"

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "आहे. तुझ्या बोटांची भीती वाटायची रे मला. तेवढं सांगायला हवं होतं. ते न सांगता नुसतं लांब उभा राहा म्हणालो. चुकलंच माझं."

"ह्या महिन्यात नाही जमणार," मुलगा म्हणाला.

"बरं."

"पुढच्याचंही नक्की नाही सांगता येत."

"असू दे. इंजिन काही नासत नाही."

मग त्याने विचारलं, "कुठे धरायचं असतं?"

"शेपटीच्या पंखांच्या जरा पुढे, दोन्ही हातांनी. पक्कं धरायचं पण दाबायचं नाही, आत लाकूड नाजूक असतं. गुडघे टेकलेस तर कंबर धरणार नाही. इंजिन लागलं की ओढ जाणवते. घाबरायचं नाही, सोडायचंही नाही."

"आणि तुम्ही तिकडे पुढे असणार. मी धरलंय की नाही हे तुम्हाला कळणार कसं?"

"मी वळून बघेन ना," काका म्हणाले. "आधी तुझ्याकडे बघेन, मगच पंख्याला हात लावेन."

मुलगा काही बोलला नाही. काकांनी ह्या खेपेला फोन कानापासून हलवला नाही.