जेवणाच्या टेबलावरचा हिरवा दिवा

मी एक जुना टांगता दिवा आहे. बाहेरून काचेच्या बाटलीसारखा हिरवा, आतून पांढरा. माझा आकार पालथ्या घातलेल्या घमेल्यासारखा आहे. काठाला दोन ठिकाणी माझा मुलामा उडाला आहे आणि आतला काळा पत्रा दिसतो. मित्रांनो, घरी येणारे पाहुणे हल्ली नेमके त्या दोन डागांवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "वा, अस्सल आहे." पूर्वी तेच डाग बघून एक जण म्हणाला होता, "हा टाकायला काढा." डाग तेच आहेत. मध्ये मी काहीही केलेलं नाही.

माझा जन्म फार गोंगाटात झाला. पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवली, वरून यंत्राचा दणका बसला आणि मी दिवा झालो. मग मला एनॅमलच्या दाट घोळात बुडवलं आणि भट्टीत भाजलं. त्या भट्टीची मला आठवण आहे, पण त्या आठवणीला आता धग नाही.

तिथून मी बुटांच्या कारखान्यात गेलो. लांबच लांब खोली, छताला माझ्यासारख्या दिव्यांची रांग आणि प्रत्येकाखाली शिवणयंत्र. माझ्याखाली जी बाई बसायची तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण नव्या आलेल्या बायकांना टाका शिकवायचं काम तिच्याकडे होतं. ती दिवसभर मान खाली घालून काम करी. बूट घालणारा माणूस तिला कधी दिसला नाही, आणि तिला मी कधी दिसलो नाही. माझ्याकडे तिने वर पाहिलं ते बल्ब गेला तेव्हाच. एकदा वायरमन दिव्यांच्या जागा बदलायला आला, तेव्हा ती यंत्रावरून न उठता म्हणाली, "बाकीचे हलव. याला राहू दे. काळ्या चामड्यावरचा काळा टाका मला याच्याच खाली दिसतो." माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच कौतुक. ते मला पुरलं होतं.

मग कारखान्यात पांढऱ्या नळ्यांचे दिवे आले आणि आमची बटणं बंद झाली. काही वर्षांनी कारखानाच बंद झाला. यंत्रं गेली, खुर्च्या गेल्या, आम्हाला उतरवायला कोणाला वेळ नव्हता. खिडकीची एक काच फुटली होती. तिथून पारवे येत आणि माझ्यावर बसत. सुरुवातीला दार वाजलं की मला वाटे, कोणीतरी आलं. नंतर दार वाजलं की दार वाजलं, एवढंच. मित्रांनो, दुःख झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. वाटणं हळूहळू थांबतं. ते कधी थांबलं हे कळतही नाही, कारण कळायला जे लागतं तेच थांबलेलं असतं.

भंगारवाल्याने आम्हाला उतरवलं आणि एकात एक घालून रचून ठेवलं, डब्यांच्या झाकणांसारखं. तिथून मला एका बाईने उचललं. गल्लीच्या टोकाला तिचं दुकान होतं आणि आजूबाजूचे लोक तिला दिवेवाली म्हणत. तिने मला साबणाच्या पाण्याने धुतलं. पारव्यांची घाण खरवडताना तिने नाकाला पदर लावला, पण हात आखडता घेतला नाही. जुनी, तडकलेली वायर काढून तिने सुती वेष्टणाची नवी वायर ओवली. रंग मात्र लावला नाही.

एक दिवस एक तरुण इंटिरिअर डिझायनर तिच्याकडे आली. हातात टेप, खांद्याला मोठी पिशवी.

"हा हिरवा केवढ्याला, ते मागाहून बोलू," ती म्हणाली. "आधी सांगा, हे डाग तुम्ही मुद्दाम पाडलेत का?"

"मुद्दाम पाडायला मला वेळ कुठे आहे? आपसूक पडलेत."

"मग हाच हवा. ज्यांचं घर मी सजवतेय ते म्हणतात, घरात शक्य तेवढं जुनं वापरायचं. वीजही कमी जळाली पाहिजे."

"मग योग्य दुकानात आलात. नवा दिवा करायचा तर पत्रा आला, भट्टी आली. हा तर झालेलाच आहे. नुसता लावायचा."

दिवेवालीने माझ्यात एक नवा बल्ब बसवला. काचेच्या आत सोनेरी तारा चमकत होत्या, जुन्या बल्बसारख्याच, पण तो जुना नव्हता. वीज तो चिमणीच्या घासाएवढी खाई. आणि तो तापत नसे. पूर्वी मी लागलो की माझा पत्रा गरम व्हायचा, वर बसलेली धूळ करपल्याचा वास यायचा. आता मी तासन्‌तास जळत राहिलो तरी गारच. मला वाटलं, माझ्या तब्येतीला हेच बरं आहे.

ज्या घरात मी आलो तिथे स्वयंपाकाची आणि जेवणाची जागा एकच होती, मध्ये भिंत नव्हती. टेबल जुन्या दारांच्या फळ्यांचं, खुर्च्या कुठल्याशा जुन्या सभागृहातल्या, कपाटाच्या कड्या मोडलेल्या पेट्यांच्या. त्या घरात नवं असं काहीच नव्हतं, आणि येणारा प्रत्येक जण म्हणे, "काय नवं घर केलंय." घरात मुलगा होता, सून होती आणि मुलाचे वडील होते. वडिलांची बायको आदल्या वर्षी गेली होती, म्हणून मुलाने त्यांना आग्रहाने आपल्याकडे आणलं होतं. त्यांनी आयुष्यभर बस चालवली होती. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या बसला साधा ओरखडा आला नव्हता, असं मुलगा पाहुण्यांना सांगे. वडील तेव्हा नुसती मान हलवत.

घर लागल्यावर एका मासिकाचा फोटोग्राफर आला. त्याने खिडकीचे पडदे ओढले आणि माझ्या बटणाची चकती फिरवत फिरवत मला इतका मंद केला की टेबलावर नुसता मधासारखा रंग सांडला. "हा बघा मूड," तो म्हणाला. वडील टेबलापाशी बसले होते. "काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय. जरा बाजूला होता का?" वडील उठून भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. फोटो फार सुंदर आला. मुलाने त्यानंतर ती चकती पुन्हा फिरवली नाही. "आता अगदी बरोबर जमलंय," तो म्हणाला.

मित्रांनो, इतकं कौतुक मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. लोक मान वर करून माझ्याकडे बघत. मला त्याचं काही वाटेना. माझ्याखाली काय चाललं होतं, ते मात्र मला दिसत होतं.

वडिलांनी एकदा पाणी ओतलं, ते पेल्याच्या शेजारी. दुसऱ्यांदा त्यांचा हात सूपच्या वाटीला लागून वाटी कलंडली. एकदा त्यांनी चहात मीठ घातलं आणि कोणाला कळू नये म्हणून तो तसाच प्यायले.

"बाबा, जरा बघून," मुलगा म्हणाला. तो रागावला नव्हता. दिवसभराच्या कामाने दमला होता.

"हो," वडील म्हणाले. "चुकलं."

त्यानंतर ते संध्याकाळी टेबलावर येईनासे झाले. "भूक नाही," म्हणत. सून ताट घेऊन त्यांच्या खोलीपर्यंत जाई आणि परत येई. नवरा-बायको माझ्याखाली बसून हळू आवाजात बोलत.

"आई गेल्यापासून हे असंच चाललंय," मुलगा म्हणे. "मन कशात लागत नाही त्यांचं."

"डॉक्टरांना विचारूया का? वजन उतरलंय त्यांचं."

"विचारू. जरा वेळ दे त्यांना. माणूस एवढ्यात सावरत नाही."

ते दोघे वाईट नव्हते. दोघांना काळजी होती. ती काळजी ते माझ्या मंद उजेडात करत होते आणि समोरची खुर्ची रिकामी होती.

सून औषधांच्या दुकानात काम करायची. एकदा तिचं अंग दुखत होतं म्हणून ती दुपारीच घरी आली. मी बंद होतो. खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्या उन्हात, ओट्याला टेकून, वडील उभे राहून जेवत होते. ताट त्यांनी काचेला जवळजवळ चिकटवून ओट्यावर ठेवलं होतं. उकडलेलं अंडं डोळ्यांपाशी नेऊन ते त्याचं टरफल काढत होते आणि टरफलाचा प्रत्येक तुकडा बोटाने चाचपून बघत होते.

सून दारातच थांबली. मग म्हणाली, "बाबा, मी आहे."

त्यांनी अंडं ताटात ठेवलं. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"असं उभ्याने का जेवताय? टेबल आहे ना."

"इथे उजेड चांगला आहे."

"आणि तिथे?"

ते माझ्या दिशेने वळले. नेमके माझ्याकडे नाही, थोडे बाजूला. "तिथे दिवा चांगला आहे," ते म्हणाले.

सुनेने पर्स खाली ठेवली, एक खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि बराच वेळ त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. "कधीपासून?" तिने विचारलं.

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. तुझा चेहरा दिसत नाही, कान दिसतात." ते जरा हसले. "ही गेली दोन वर्षं मी बस चालवत असतो तर लोकांच्या जिवाशी खेळ झाला असता. सुटलो वेळेवर."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं, पोरी? तुम्ही एवढ्या हौसेने घर केलंत. त्यात पहिलाच शब्द माझा कुरकुरीचा नको."

सून उठली. घरात कुठेतरी पडून असलेला एक पांढरा, झगझगीत बल्ब तिने शोधून काढला. खुर्चीवर चढून तिने माझा सोनेरी तारांचा बल्ब काढला आणि हा पांढरा पिळून बसवला. चकती पूर्ण फिरवली. मी भर दुपारी लख्ख पेटलो. टेबलावरच्या जुन्या फळ्यांतला एकेक खिळा दिसू लागला.

"बसा," ती म्हणाली.

वडील चाचपडत आले आणि बसले. अर्धं राहिलेलं अंडं त्यांनी माझ्याखाली खाल्लं.

संध्याकाळी मुलगा आला. दारातून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. "अगं, हे काय? सगळा लुकच गेला की." मग त्याला टेबलाशी बसलेले वडील दिसले. सुनेने त्याला सगळं सांगितलं, वडिलांसमोरच, काही न लपवता. तो बॅग खांद्याला तशीच ठेवून उभा राहिला. मग वडिलांच्या शेजारी बसला.

"मी तुम्हाला 'बघून' म्हणालो," तो म्हणाला.

"म्हणालास."

"मला कळलं कसं नाही?"

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा," वडील म्हणाले. "तू जेव आधी."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की डोळ्याचा मागचा पडदा झिजला आहे. जे गेलं ते परत येणार नाही. जे उरलंय त्याला भरपूर उजेड द्या. हे ऐकून घरात कोणी रडलं नाही. तिघे टेबलाशी बसून राहिले आणि मी पेटलेला राहिलो.

डिझायनरला बोलावलं. ती आली आणि वडिलांच्या खुर्चीत बसून तिने वर पाहिलं, मग खाली ताटाकडे. "मी या खुर्चीत कधी बसलेच नव्हते," ती म्हणाली. तिने माझी वायर सैल करून मला हातभर खाली आणलं. बल्ब कमी विजेचा पण पांढरा, चांगला प्रखर लावला. टेबलावर गडद निळी चटई घातली, म्हणजे पांढरं ताट उठून दिसेल. वडिलांना पायरी कळावी म्हणून घरातल्या जिन्याच्या कडांना तिने एक एक छोटा दिवा बसवला. घर आता फोटोतल्यासारखं दिसत नाही. मला उतरून ठेवायची भाषा कोणी केली नाही.

वडील पुन्हा संध्याकाळी जेवायला येऊ लागले. भाकरीचा तुकडा, वाटीचा काठ, पेल्यातलं पाणी, एवढं त्यांना माझ्याखाली दिसे. काही महिने दिसलं.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू भंगारातून उचलून घरी आणलीत, तर चांगलं केलंत. तिला पुसा, तिची वायर तपासा, वीज वाचवा. पण दिवा टांगून झाला की एकदा त्याच्याखाली बसा. आणि घरात जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला तुमच्याआधी तिथे बसवा. त्याला विचारा, "दिसतंय का?" तो "हो" म्हणाला तरी त्याच्या हातांकडे बघा. मला एवढंच सांगायचं होतं.

आता त्यांना कडेचंही फारसं दिसत नाही. परवा सकाळी ते टेबलाशी बसले होते. सून समोर सफरचंद चिरत होती. खिडकीतून पुरेसा उजेड येत होता, म्हणून मी बंद होतो.

"दिवा लागलाय ना?" त्यांनी विचारलं.

सुनेने सुरी खाली ठेवली. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना कळलं नसतं. ती उठली, भिंतीपाशी गेली, बटण दाबलं. मी पेटलो. ती परत येऊन बसली आणि तिने सफरचंदाची फोड त्यांच्या हातात दिली.

"लागलाय, बाबा," ती म्हणाली.