राखेचा हिरवा

भागीरथाने निवलेल्या भट्टीच्या तोंडावरची शेवटची वीट ओढून काढली. महिपतने आत हात घालून बरणी बाहेर आणली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि तिच्यापुढे धरली.

बरणीच्या खांद्यावर राख वितळून काचेसारखी झाली होती. ओघळत पोटापर्यंत आली होती. थेंब जिथे थांबला होता तिथे रंग दाट होता. हिरवा.

असा रंग तिच्या नवऱ्याने, भिवाजी गुरुजींनी, एकदाच पाहिला होता, हैदराबादच्या संग्रहालयात, एका जुन्या चिनी भांड्यावर. चीनच्या कुंभारांना तो आधी नकळतच मिळाला. भट्टीतल्या लाकडाची राख उडून भांड्यांवर बसली आणि वितळली. गुरुजींनी हे नंतर वाचलं. निवृत्तीनंतर बेला गावातल्या आपल्या शेतात त्यांनी भट्टी बांधली, कापसाची वाळलेली झाडं, पऱ्हाटी, जाळून तिची राख चाळून भांड्यांना लावली. धूर कोंडला तर हिरवा, हवा शिरली तर तपकिरी. दर वेळी तपकिरीच आला. मग किडन्या गेल्या. आता गुरुजी खाटेवरून सांगत आणि भागीरथा व शेजारचा महिपत भट्टी लावत.

मागच्या खेपेला आदिलाबादच्या दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करून परतताना ते गाडीत म्हणाले होते, "एकडाव हिरवा आला का मंग मले त्या मशीनवर नेऊ नको. थकलो आता."

"वहिनी, गुर्जीले दाखवतो," महिपत उठत म्हणाला.

"नको. पोत्याखाली ठेव."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पोतं उचललं.

ती घरात आली तेव्हा गुरुजी कोपरावर रेलून उठले होते.

"काय झालं?"

"तपकिरीच."

"काऊन?"

"हवा शिरली असन. मागची वीट हालली होती."

"आन इकडं. पाहू दे."

बिघडलेलं भांडंही ते हातात घेऊन फिरवून फिरवून बघत.

"काढता काढता महिपतच्या हातून फुटलं."

"तुकडे असतीन."

"फेकले."

तिने उशी सारखी केली. पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला. गुरुजींची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही. तिने पदराने गालावरची राख पुसली, तरी हलली नाही.

"बरं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

ती खाटेच्या कडेला बसून राहिली. त्यांना झोप लागली असं वाटून ती उठू लागली, तेव्हा ते बोलले.

"उद्याची गाडी किती वाजता सांगितली?"

"सातले."

"स्वेटर काढून ठेव. त्या मशीनच्या खोलीत लई थंडी रायते."