उन्हात बघायचा रंग

हयग्रीवने गल्ल्यावर हातमोज्यांचं पाकीट ठेवलं आणि पंख्याकडे बघत म्हणाला, "गुंडुराव, उद्यापासून हे घालत जा. म्हणजे सुम्ने, आपलं उगीच, गिऱ्हाइकांसाठी."

मोजे पांढरे होते. हात पांढरे दिसू नयेत म्हणून पांढरे मोजे आणणाऱ्याच्या ताब्यात देवराज मोहल्ल्यातलं मॅचिंग सेंटर होतं. त्याच्या वडिलांनी त्याला काय दिलं आणि काय द्यायचं राहिलं, ते एवढ्यावरून कळावं.

"मोजे घालून रुबिया कळत नाही रे. कापड बोटांना कळतं," गुंडुराव म्हणाले.

"तुम्हाला कापड कळतं. गिऱ्हाइकाला बोटं दिसतात."

गुंडुराव एकतीस वर्षं या दुकानात साड्यांना ब्लाऊजपीस जुळवत आले होते. घराणं रंगाऱ्यांचं. रंगाच्या हंड्या आजोबांबरोबर गेल्या, डोळा तेवढा नातवाकडे राहिला. गिऱ्हाइकाने दुकानातच मान डोलावली, तरी ते साडी उचलून पायरीवर उन्हात जायचे. "ट्यूबलाइट खोटं बोलते, अम्मा. उन्हात बघा."

दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्यावर तांदळाएवढा डाग आला. आता दहाही बोटं आणि ओठाच्या कोपऱ्याजवळचा गाल पांढरा होता. कोड कुणाला लागत नाही; सल्ले मात्र लागतात. कुणी म्हणालं, दुधावर मासे खाल्ले असणार. गुंडुरावांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. त्यांनी दूध सोडलं. सोसले गावाच्या वाटेवरच्या एका जाणत्याने बावचीचं तेल दिलं, लावून उन्हात बसा म्हणाला. ते बसले. फोड आले. जाणता म्हणाला, म्हणजे गुण येतोय.

मोजे खिशात घालून त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा खऱ्या डॉक्टरकडे गेले. बायको पुष्पावती बरोबर होती. डॉक्टर नागरत्नांनी बोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. दोन वर्षांत त्या बोटांना आपणहून हात लावणारी ही दुसरी बाई. पहिली शेजारी बसली होती.

"मलम देते. आठवड्यातून तीनदा इथं येऊन दिव्यांच्या कपाटात उभं राहायचं. ओठाच्या वर, गालाला रंग येईल, पण सहा महिने तरी धीर पाहिजे."

"बोटं?"

"बोटांच्या टोकांना क्वचित येतो. खोटं कशाला सांगू? मांडीची कातडी घेऊन लावतात, पण वर्षभर नवा डाग यायला नको. तुम्हाला तर गेल्या महिन्यात आलाय. नाहीतर वरून रंग लावून झाकता येतं, बाटली मिळते. आणि हातांना ऊन लागू देऊ नका, भाजतील."

घरी येताना पुष्पावती म्हणाली, "बाटली घेऊन टाकूया की हो."

"रंगाऱ्याच्या नातवानं रंगाची बाटली विकत घ्यायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काथ, हिरडा आणि चिमूटभर हिराकस वाटीत उकळलं आणि न्हाणीघराची कडी आतून लावून बल्बखाली दहा बोटं रंगवली. रंग असा जुळला की पुष्पावतीला दोनदा बघावं लागलं. मोजे घरीच राहिले.

दहा वाजता एका बाईची साडी घेऊन ते ऐटीत पायरीवर आले. "उन्हात बघा, अम्मा."

अम्मांनी बघितलं, पण साडीकडे नाही. गुंडुरावांची बोटं शेवाळलेल्या दोरासारखी हिरवट दिसत होती. एकतीस वर्षं गावाला उन्हात बघा म्हणून सांगणाऱ्याने स्वतःचा रंग बल्बखाली जुळवला होता. आणि तो आजोबांच्या पद्धतीचा, पक्का. आठ दिवस तरी पुरता निघायचा नाही.

"आत बसा," हयग्रीव म्हणाला. "अस्तरांच्या घड्या घाला. आणि कृपा करून ते मोजे आणा."

चार दिवस गुंडुरावांनी मोजे घालून ट्यूबलाइटखाली घड्या घातल्या. राग हयग्रीवचा होता, त्या जाणत्याचा होता, पण सगळ्यात जास्त त्या कडीचा होता, जी त्यांनी स्वतःच्या हाताने लावली होती.

पाचव्या दिवशी कमलाक्षीबाई आल्या. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. लेकीची मुहूर्ताची साडी आणली होती, आंब्याच्या कोवळ्या पानाच्या रंगाची. हयग्रीवने पीस काढला. "हे अगदी डिट्टो बघा."

आतून गुंडुरावांना दिसलं, तांबडा जास्त आहे. ही साडी लेक एकदाच नेसणार आणि फोटोत जन्मभर नेसून राहणार. त्यांनी मोजे काढले, घडी घालून गल्ल्यावर ठेवले, फळीवरून दुसरा पीस घेतला आणि हयग्रीवच्या हातातली साडी काढून घेतली.

"बाहेर या."

"गुंडुराव," हयग्रीव म्हणाला.

ते पायरीवर पोचले होते. रंग कुठे निघाला होता, कुठे हिरवट चिकटून होता.

"अय्यो, हे काय झालं हो हातांना?" कमलाक्षीबाई एक पायरी मागे सरल्या.

"कोड आहे. कुणाला लागत नाही. हिरवा आहे तो माझ्या चुकीचा, तो जाईल. पांढरा राहील. तुम्ही साडी बघा."

कमलाक्षीबाईंनी लांबून बघितलं, मग नाइलाजाने वाकून बघितलं. पीस साडीत मिसळून गेला होता. कुठे साडी संपली ते कळत नव्हतं.

"हाच," त्या म्हणाल्या. "अगदी हाच."

आणि त्यांनी तो पीस एका कोपऱ्याला दोन नखांत धरून उचलला, ओलं फडकं उचलावं तसा. साडी पण तशीच. गुंडुरावांना रंगातला केसाएवढा फरक दिसायचा; बाईंच्या धरण्यातला हा तर ढळढळीत होता.

"आत या आता," हयग्रीव दारातून म्हणाला.

"ऊन इथं आहे," गुंडुराव म्हणाले. "पुढची साडी बाहेर पाठव."

आत दोन बाया साड्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हयग्रीवकडे पाहिलं, हयग्रीवने पंख्याकडे. गुंडुराव पायरीवर उभे होते. बोटांची आग व्हायला लागली होती. त्यांनी हात खिशात घातले नाहीत.