काळ्याच्या सात लेकी

निवृत्तीला एका जागी बस म्हणणं म्हणजे वाऱ्याला पोत्यात भरणं. चौतीस वर्षं रेल्वेत ग्यांगमन म्हणून रुळाच्या कडेनं चालला, रिटायर होऊन उदगीरजवळच्या आपल्या गावी आला, तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. पण त्या एप्रिलात त्याचं जे चाललं होतं ते सवयीच्या पार पलीकडचं होतं. साठी उलटलेला माणूस सकाळपासून एका कोंबडीच्या मागं फिरत होता. ती उकिरड्यावर गेली की हा उकिरड्यावर, ती बाभळीखाली पंख पसरून बसली की हा बाभळीखाली उकिडवा. कोंबडी बेजार झाली होती, आणि बायको पंचफुला कोंबडीहून बेजार झाली होती.

कोंबडी म्हणजे अजून तलंगच ती, अंड्यावर न आलेली. पायाला पिवळी चिंधी बांधलेली. आणि ती पहिलं अंडं कोणत्या रंगाचं घालते, यावर निवृत्तीची तीन वर्षं अडकून बसली होती.

त्याचं असं झालं होतं. रिटायर व्हायच्या दिवशी ग्यांगमधल्या चंद्रप्पानं त्याला जेवणाच्या डब्यात, कापसात गुंडाळून आठ अंडी दिली. निळी अंडी. रंगवलेली नव्हेत, कोंबडीनंच तशी घातलेली. चंद्रप्पाचा भाऊ हैदराबादकडं शौकाची पाखरं पाळायचा. ही जात कुठल्या तरी दूरदेशीची, नाव असं की जिभेला गाठ पडावी. पंचफुलानं ती अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली बसवली. पाच पिल्लं निघाली, दोन घारीनं नेली, तीन जगली. एक कोंबडी आणि दोन कोंबडे, एक काळा, एक तांबडा. गालाला कल्ले फुटलेले, शेपूट नावालाच. कोंबडी अंड्यावर आली आणि पहिलंच अंडं असं निळं घातलं की सारी वस्ती बघायला लोटली. शेजारची सरजाबाई तर पदर तोंडाला लावून म्हणाली, निवृत्तीच्या कोंबड्यायनं बी दीक्षा घेतली की काय, अंडी बी निळी घालून राहिल्या! सगळे हसले. निवृत्तीनं वरवर कपाळाला आठ्या घातल्या, पण त्याला ते बोलणं लई आवडलं होतं. पुढं महिनाभर तो स्वतःच ज्याला त्याला ते सांगत फिरला.

पुढच्याच वर्षी मानमोडीची साथ आली आणि ती कोंबडी गेली. चंद्रप्पाच्या भावानंही पाखरं मोडून तिथं घर बांधलं, म्हणजे मागची वाटही बंद झाली. उरले हे दोन कोंबडे. आणि कोंबड्यांचं दुखणं हे की ते अंडं घालत नाहीत. कोणाच्या रक्तात निळं पुरतं आहे आणि कोणाच्या अर्धंमुर्धं, हे वरून कळायचं कसं? चंद्रप्पानं फोनवर युक्ती सांगितली होती. कोंबडा गावरान कोंबड्यांत सोडायचा, त्याच्या लेकी वाढवायच्या, आणि त्या अंड्यावर यायची वाट बघायची. सगळ्याच्या सगळ्या निळी घालू लागल्या तर बाप पक्का. एकीनं जरी गावरानसारखं बदामी अंडं घातलं तर बाप कच्चा, त्याचं बेणं पुढं भरवशाचं नाही.

आधी काळ्याची पाळी होती, तोच त्याचा जास्त लाडका. त्याच्या लेकींचा पहिला घाणा मानमोडीनंच नेला, दुसऱ्यातल्या सात जगल्या. प्रत्येकीच्या पायाला निराळ्या रंगाची चिंधी. त्यातल्या सहा जणींनी निळी घातली होती, थोडी हिरवट झाक होती पण निळीच. सातवी ही पिवळ्या चिंधीवाली. तांबड्याची पिल्लं आत्ता कुठं ओंजळीएवढी झाली होती, त्याचा निकाल दिवाळीशिवाय लागत नव्हता.

हे सगळं निवृत्तीच्या डोक्यात होतं, आणि डोक्यातच होतं. पंचफुलानं एकदा विचारलं होतं की या चिंध्यांचं काय गौडबंगाल आहे. त्यावर हा गडी म्हणाला होता, तुला काय कळतंय त्यातलं, तू आपली अंडी गोळा कर. तिच्या हातून आयुष्यात शेकड्यांनी पिल्लं निघालेली, आणि हा रुळाचे खिळे ठोकणारा तिला हे सांगतो! ती गप्प बसली. बायका अशा गप्प बसतात तेव्हा त्या विसरलेल्या नसतात, एवढं साधं त्याला कळलं नाही.

स्वप्नही त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. उदगीर जिल्हा होणार, ही आवई दर सहा महिन्यांनी उठायची. पारावर कलेक्टर कचेरी कुठं येणार यावरून भांडणं व्हायची. निवृत्तीला कचेरीचं काही पडलं नव्हतं. जिल्हा झाला की जिल्ह्याचं पशुप्रदर्शन भरणार, आणि तिथं पहिल्याच साली आपलं बेणं मांडायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. एक कोंबडा, वीस कोंबड्या, सगळ्या निळ्या अंड्याच्या, एकही वावगी नाही. लोकांनी विचारावं, हे कोणाचं? आणि कोणीतरी सांगावं, त्या निवृत्तीचं.

पण जिल्हा लांब होता आणि दुष्काळ दारात होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं. बघा, शेवटी रेल्वेच कामाला आली, असं निवृत्ती छाती फुगवून सांगायचा. गावात मात्र चौथ्या दिवशी टँकर, तोही आला तर आला. पंचफुला गाडग्यातलं पाणी वाटीनं मोजून कोंबड्यांना ठेवायची आणि रोज एकच गोष्ट ऐकवायची: दोन-दोन कोंबडे कशाला पोसायचे, एक कमी करा. निवृत्ती म्हणायचा, थांब. कशासाठी थांबायचं हे काही तो सांगायचा नाही.

अशात बुधवारी फोन आला. हदगावचे साहेबराव रविवारी येतो म्हणाले, बायकोला आणि भावाला घेऊन. धाकट्या लेकीची सोयरीक तिथं जवळजवळ ठरल्यात जमा होती, पोरगं नांदेडला कॉलेजात लॅबवर होतं. आता फक्त तारीख धरायची. पंचफुलाच्या अंगात वारं भरलं. तिनं घर सारवायला काढलं, पापड वाळत घातले, आणि निवृत्तीसमोर येऊन उभी राहिली.

"सोयरे येऊन राहिले. दारात दोन कोंबडे बांग देतेत आन् पाहुण्यायला बाजारचं आणून घालावं, असं माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. कोन्ता कापायचा ते तुम्ही सांगा."

तिचं खरंच होतं. याहून मोठी नाचक्की नव्हती. आणि नुसतं लाजेपायी नव्हे, लेकीच्या सासरच्या माणसांना घरचं द्यावं हे निवृत्तीलाही वाटत होतं. रविवारपर्यंत सांगतो म्हणाला.

तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला. पिवळीनं रविवारच्या आत निळं घातलं तर काळा पक्का, मग बिनघोर तांबडा कापायचा. नाही घातलं तर? न बघता कापायचं, आणि हातचा हिराच दगड म्हणून फोडला तर? त्याला जेवण जाईना. गुरुवारी पिवळी तीनदा कोपऱ्यातल्या टोपलीत शिरली आणि तीनदा तशीच बाहेर आली. हा भिंतीला कान लावून. शुक्रवारी सकाळी टँकर आला, म्हणून घागरी घेऊन रांगेत जावं लागलं. दोन तास तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा. रांगेत पुढं उभा असलेला शेजारचा व्यंकट म्हणाला, काय निवृत्ती, लघवीला लागली का? तर हा त्याच्यावरच गुरकावला. परत येऊन पाहिलं तर पिवळी बाभळीखाली माती उकरत होती, जशीच्या तशी.

शनिवारी उन्हं वर आल्यावर ती पुन्हा टोपलीत बसली. या वेळी बराच वेळ बसली. निवृत्ती दाराआड श्वास धरून उभा होता. ती उठून गेल्याबरोबर त्यानं टोपलीत हात घातला, आणि हाताला अंडं लागलं. गरम. उजेडात आणून पाहिलं तर बदामी.

तो तिथंच भुईवर बसला. अंडं हातात फिरवून पाहिलं, धोतराला पुसून पाहिलं, जणू पुसल्यानं रंग जाणार होता. सहा निळी आणि एक बदामी. काळा कच्चा होता. त्याला चंद्रप्पाचा राग आला, काळ्याचा राग आला, आणि तीन वर्षं वेड्यासारखं धावलेल्या स्वतःच्या पायांचाही राग आला. रडू यावं असं वाटलं, पण पंचफुला दारात झाडत होती. त्यानं अंडं परत टोपलीत ठेवलं आणि तिला एवढंच सांगितलं, उद्याचं मी बघतो, तू मसाला वाट.

रविवारी पहाटं उठून त्यानं काळा धरला. काळ्यानं फार धडपड केली नाही, तीन वर्षांची ओळख होती. पंचफुलानं वस्तीतून मोठं पातेलं मागून आणलं तोवर दारात काळी पिसं पडली होती. ती पातेलं हातात घेऊन जराशी थांबली, नवऱ्याकडं पाहिलं आणि चुलीकडं वळली.

पाहुणे आले. बाजेवर सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा झाला. साहेबराव मोकळा माणूस निघाला. तुमचं उदगीर जिल्हा व्हतंय की आमच्याकडचं किनवट आधी, यावर त्यानं आणि जेवायला बोलावलेल्या व्यंकटनं हसत-हसत भांडण केलं. ज्वारीच्या भाकरी आणि लाल रस्सा पुढं आला तशी बोलणी थांबली. साहेबरावानं नळी चोखून ताटात ठेवली आणि म्हणाला, अशी चव लई दिवसांत लागली न्हाई, इवाई. निवृत्ती हसला. त्याच्या ताटातल्या फोडी तशाच होत्या, तो नुसत्या रश्शात भाकर बुडवत होता. कच्चा का होईना, हातानं चारलेला होता. जेवणं झाल्यावर तारीख धरली, पेढा वाटला, आणि चारच्या गाडीनं पाहुणे गेले.

घर रिकामं झालं. निवृत्ती आता तांबड्याकडं बघत बसला होता. सगळी आशा त्याच्यावर, आणि निकाल दिवाळीला. म्हणजे पुन्हा तीच पायपीट. तेवढ्यात पंचफुला हात पुसत आली आणि शेजारी टेकली.

ती म्हणाली की तिला तांबडाच कापतील असं वाटलं होतं. पिसं काळी बघितली तेव्हा ती हबकलीच. पाहुण्यांपुढं बोलता येईना म्हणून सकाळपासून गप्प होती. "लेकीसाठी काळा दिला तुम्ही. मला न्हाई वाटलं व्हतं तुमच्या हातून सुटंल त्यो." तिचे डोळे भरले होते. मग ती उठली, आतून ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवलेलं काहीतरी घेऊन आली, आणि नवऱ्याच्या पुढं तळहात उघडला.

लहानसं अंडं होतं, पहिल्या वेळचं असतं तसं, टोकाला रक्ताची पुसट रेघ. आणि निळं.

"पिवळ्या चिंधीवालीचं," ती म्हणाली. "शुक्रवारी तुम्ही टँकरवर व्हता तवा घातलं तिनं. टोपली रिकामी ठिवली तर कोंबडी जागा सोडती, म्हणून मी त्यात गावरान कोंबडीचं एक ठिवलं आन् हे काढून घेतलं. पाहुण्यायच्या गडबडीत दाखवायचं राहूनच गेलं."

शनिवारी आपल्या हाताला लागलं ते हेच गावरान अंडं, हे निवृत्तीच्या ध्यानात आलं. एप्रिलाच्या पत्र्याखाली ठेवलेलं अंडं गरमच लागणार, मग ते आत्ताचं असो की कालचं. टोपलीत एक अंडं ठेवायचं असतं हे त्याच्या आईनंही आयुष्यभर केलेलं, त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. त्याच्या जिभेवर शिव्या आल्या. माझ्या पाखरांच्या मधी कामून पडलीस, म्हणून ओरडायला त्यानं तोंडही उघडलं. समोर तिचा हात तसाच होता, आणि ती त्याला खूश करायला बघत होती.

"पंचफुला, लेकीसाठी न्हाई दिला म्या त्यो," तो म्हणाला. "कच्चा समजून कापला."

आणि मग त्यानं तिला सगळं सांगितलं. सात चिंध्या, पक्का म्हणजे काय, कच्चा म्हणजे काय, शनिवारचं बदामी अंडं, जिल्ह्याचं प्रदर्शनसुद्धा. तीन वर्षांत नव्हतं सांगितलं ते सारं एका दमात. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. टोपलीत ते अंडं ठेवणारा हात तिनं मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

"मला आधी सांगितलं असतं," ती हळूच म्हणाली, "तर म्या टोपलीला हात बी लावला नसता."

"हाव. सांगितलं न्हाई. माझंच चुकलं."

हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच बोलले गेले असतील. पंचफुलानं दाराकडं पाहिलं. दारात दोन-चार काळी पिसं अजून उडत होती. साहेबरावाचं ताट तिच्या डोळ्यांसमोर आलं असावं, कारण तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "सोयऱ्यायच्या पोटात तरी पक्काच गेला."