मोडक्या जबड्याचा बोंबील

बोंबील वाळत घालण्याची सातपाटीची रीत साधी आहे. एका माशाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोरीवर, टाकायची. एक मासा अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. जबडा फाटलेला मासा जोडीला चालत नाही. तो बाया न बघताच पाठीमागे, खताच्या ढिगात भिरकावतात.

माझी धाकटी बहीण जमुना हिची मुलगी नवसी सात वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाकेला वळत नव्हती, आईच्या तोंडाकडे पाहत नव्हती. नवऱ्याच्या घरच्यांनी देव केले, भगत केले. मी बोईसरच्या एका रासायनिक कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होतो. मी तिचे कान तपासून घेतले. कान उत्तम होते. १९८६ च्या हिवाळ्यात मुंबईच्या एक मानसोपचारतज्ज्ञ बाई पालघरच्या दवाखान्यात येऊ लागल्या. त्यांनी ऑटिझम हा शब्द सांगितला आणि उपचार म्हणून खेळ सुचवला.

मी पुरावा मागितला. ज्या मुलांना असे खेळवले नाही, त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली आहे का? बाईंनी मान्य केले की तशी नोंद त्यांच्यापाशी नाही. मूल बरे होईल असा त्यांचा दावाही नव्हता. मूल जिथे खेळते तिथे मोठ्या माणसाने जाऊन बसायचे आणि वाट पाहायची, इतकेच त्या म्हणत होत्या. उपचारपद्धतीची इतकी नम्र व्याख्या मी आधी ऐकली नव्हती.

नवसीने दवाखान्यातल्या बाहुल्या आणि ठोकळे बाजूला सारले. कपड्यांच्या चिमट्यांचा डबा मात्र तिने ओतला, दोन-दोन चिमटे एकमेकांत अडकवले आणि खुर्चीच्या आडव्या दांडीवर टाकत गेली. बाई कुतूहलाने पाहत राहिल्या. जमुना म्हणाली, "बोंबील घालते ती."

बाईंनी मग खेळाची खोली बदलली. दवाखान्यात येण्यापेक्षा जमुनेने वलांडीखालीच नवसीशेजारी बसावे, ती करते तेच करावे, शिकवू नये, हाक मारू नये, हात धरू नये. निघताना त्या म्हणाल्या, "तिनं आपणहून काही दिलं, तर ते घ्या. काय दिलं ते महत्त्वाचं नाही."

त्या थंडीत जमुना तशी बसली. तिचा वेग मुलीच्या वेगाइतका उतरला. शेजारच्या दोरीवर काम करणारी बायडी एकदा म्हणाली, "जमने, पोरीला कामाला लावलीस, का पोरीनंच तुला ठेवलीय?" बाया हसल्या. जमुनाही हसली आणि म्हणाली, "मालकीण बोलत नाय, एवढं सुख हाय." माझ्याकडे वळून बायडीने विचारले, एवढं सायन्स शिकून हेच काढलंस काय? हे माझे संशोधन नाही, असे मी तिला सांगितले.

माघातल्या एका रविवारी मी तिथे होतो. तारवे नुकतीच किनाऱ्याला लागली होती, माल पुष्कळ होता, आणि ऊन चढण्याआधी पाट्या रिकाम्या व्हायला हव्या होत्या. जमुनेचे हात भराभर चालू लागले. नवसी तिच्या डावीकडे होती. तिने एक बोंबील उचलला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि तो आईच्या पुढे धरला. जमुनेच्या हाताने तो घेतला. अंगठ्याला फाटलेला जबडा लागला, आणि हाताने तो मागे भिरकावला.

मासा पडल्याचा आवाज झाल्यावर जमुनेला कळले. ती उठली, ढिगात दोन्ही हात घालून शोधू लागली. तिथले सगळेच मासे सारखे होते. तिने त्यांतला एक उचलून नवसीपुढे धरला. नवसी दोरीकडे वळली होती आणि दुसरी जोडी लावत होती. ती रडली नाही, रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर काही बदल झाल्याचे मला दिसले नाही.

त्यानंतर तिने आईला काही दिले नाही. त्या मोसमात नाही, पुढच्याही नाही.

मी जमुनेला समजावले. एका निरीक्षणावरून नियम ठरत नाही. तो मासा मुलीने तिलाच दिला होता की नुसता पुढे धरला होता, हे सांगता येत नाही. तिने तो घेऊन जवळ ठेवला असता, तरी पुढे काही घडलेच असते असेही नाही. यातले प्रत्येक वाक्य खरे होते आणि आजही मी ते मागे घेणार नाही.

जमुना ऐकून घेत होती. मग म्हणाली, "दादा, तुझं बरोबर असंल. पण हात माझा व्हता."

बाईंनाही तिने स्वतःच सांगितले. बाई म्हणाल्या, बसत राहा.

जमुना बसत राहिली. तिचा नवरा नामदेव तिला म्हणतो की तुझ्या दोरीखाली कुत्री जमतात. ते खरे आहे. फाटक्या जबड्याचे बोंबील ती आता टाकत नाही. ते दोरीवर नुसते वाकवून ठेवते, आणि वारा आला की ते गळून पडतात. पडलेले ती उचलते आणि पुन्हा ठेवते. जोडी अडकवायला दोन्ही हात लागतात, म्हणून एका हाताने जमुनेचे काम आता फार थोडेच उरकते. तिचा डावा हात नवसीच्या बाजूला, मांडीवर, तळवा वर करून उघडा असतो.